ओतुवाचा डावा खांदा

आँटी अराबाच्या दारावरून रविवारी चर्चला जायचं म्हणजे मी घाबरत, बाह्या ओढत निघायचे. देवाला मी तेवढी कधी घाबरले नाही. तिचं दार थेट गल्लीत उघडायचं, दाराच्या आत टेबलावर तिचं हातमशीन, मशीनमागे ती, आणि चर्चकडे जायला दुसरी वाट नव्हती. मी तर तिच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. पळून जाणार कुठे?

"टीचर, थांब जरा. ही बाही तुझी आहे की तुझ्या आईची?"

"माझीच आहे, आँटी."

"मग तुला ओळखत का नाही ती? हात एकीकडे, बाही भलतीकडे. मुंढा कुणी कापला, खाटकाने?"

मुंढा कापला होता चौकातल्या मॅडमने. तिच्या दुकानात सहा मुली शिकायला आणि भिंतीवर चाळीस फॅशनचं मोठं पोस्टर. आम्ही जायचो, बोट ठेवायचो, "सतरा नंबर" म्हणायचो, की झालं. आँटी अराबाला त्या पोस्टरचा भयंकर राग. "सतरा नंबर त्या पोस्टरमधल्या पोरीला शोभतो," ती म्हणायची, "कारण तिला बसायचं नाही, वाकायचं नाही, ट्रो-ट्रोच्या गच्च गाडीत चढायचं नाही आणि जेवायचंही नाही. तुला या चारही गोष्टी करायच्यात. शेवटची तर जास्तच."

पूर्ण नाव अराबा तावियाह. साठी उलटलेली, काठीसारखी बारीक. हातमशीन नवऱ्याने लग्नाच्या पेटीतून दिलेलं. नवरा पुढे आबिजानकडे मासेमारीला गेला आणि तिकडचाच झाला. मशीन राहिलं. "दोघांतलं जे कामाचं होतं ते राहिलं," असं ती सांगायची, आणि हसायची नाही.

ती शिवायची ते स्वतःसाठी, आणि ओतुवासाठी. गिऱ्हाइकं घेतली नाहीत. मी एकदा विचारलंही, एवढा हात चालतो तर पाटी का लावत नाहीस म्हणून. "पाटी लावली की लोकांच्या मनासारखं शिवावं लागतं," ती म्हणाली. "आणि लोकांना कुठे माहीत असतं त्यांना काय शोभतं!" तिचं म्हणणं असं, की कपडा माणसाच्या आधी खोलीत शिरता कामा नये. एका झग्यावर सजावट एकच, झालर तरी नाहीतर बटणं तरी. खिसा मात्र प्रत्येक झग्याला हवाच, राणीच्या असला तरी. आणि छातीपाशी दोन बोटं जागा मोकळी. त्याला ती श्वासाची जागा म्हणायची. चौकातली मॅडम ही जागा सोडत नाही, म्हणून आमच्या चर्चमधल्या बायका वरच्या पट्टीत गाऊ शकत नाहीत, हेही तिचंच संशोधन.

आमच्याकडे मयतीला सगळं कूळ एकाच छापाच्या कापडात येतं. चाळीस बायका, चाळीस काबे, म्हणजे आमचे शिवलेले झगे, सगळे तांबडे-काळे. परक्याला सगळ्या एकच वाटतील. आँटी अराबा पाठीमागून बघूनसुद्धा सांगायची, ही अमुक, तिने कंबर चोरून घेतलीय. ही तमुक, हिने बहिणीचं उरलेलं कापड जोडलंय. "कापड कुळाचं," ती म्हणायची, "पण आतली बाई प्रत्येक वेगळी."

एक गोष्ट ती मरेपर्यंत कबूल करणार नाही अशी माझी खात्री होती, ती म्हणजे स्वतःची चूक. झगा कुठे ओढला गेला तर ती म्हणणार, "माप चुकत नाही. माणूस हलतं." एकदा तिने माझ्या पडद्याला काठ घातला तो तिरका गेला. तर म्हणते, खिडकीच तिरकी आहे. मी सुतार बोलावला. खिडकी सरळ निघाली. "मग सुतार तिरका," ती म्हणाली. मी हात टेकले.

ओतुवा ही तिची लहानपणापासूनची मैत्रीण. मासळी धुरावून विकायची. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून. ती गल्लीत शिरली की धुराचा वास आधी यायचा आणि मग हसू. पण चालायची मात्र ताठ, झोकात, आणि कपडे अंगावर असे बसायचे की मँकेसिमच्या बाजारातल्या व्यापारणी थांबवून विचारायच्या, कुणाकडे शिवतेस? ओतुवा म्हणायची, "सांगितलं तर ती मला मारून टाकेल."

त्या ताठ चालीमागे काय होतं हे मला जानेवारीत कळलं. तोवर दहा वर्षं मी त्या घरात राहत होते आणि मला पत्ता नव्हता.

त्या दिवशी ओतुवा आली ती बगलेत कापड घेऊन. सहा वार, गडद निळं, त्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके. पाय सुजलेले, चपलेचा पट्टा सोडलेला. नोव्हेंबरपासून तिचं हृदय थकलं होतं, डॉक्टरने पायऱ्या चढू नको म्हणून सांगितलं होतं आणि ती चढत होती. बसली, पाणी प्यायली आणि कापड मशीनवर ठेवलं.

"हा त्या दिवसासाठी," ती म्हणाली.

"कुठल्या?"

"अराबा, आता मला बोलायला लावू नकोस."

आँटी अराबाने कापडाचा कोपरा बोटांत चोळला, उजेडाला धरला, उलट बाजू बघितली. मी उठून जायला निघाले तर मला म्हणाली, "टीचर, बस. टाचण्या धरायला कुणीतरी हवं."

मग ओतुवाने सांगितलं. मागच्या वर्षी तिची मावशी गेली तेव्हा आंघोळ घालायला, कपडे चढवायला ओतुवा आत होती. मावशीसाठी कुळाने सुंदर झगा करून घेतलेला. पण ताठलेल्या माणसाचे हात वर होत नाहीत. मग सजवणाऱ्या बायांनी कात्री घेतली, गळ्यापासून खालपर्यंत झग्याची पाठ सरळ चिरली, पुढून चढवला आणि दोन्ही बाजू अंगाखाली खोचून टाकल्या. पुढून बघणाऱ्याला काही कळलं नाही.

"कर्र्कन आवाज आला गं," ओतुवा म्हणाली. "माझ्या अंगावर काटा आला. माझ्या झग्याला कात्री लागायची नाही. तू शिवलेल्याला तर नाहीच नाही. आणि…" तिने माझ्याकडे पाहिलं.

"टीचर सांगणार नाही कुणाला," आँटी अराबा म्हणाली. "सांगितलं तर मी तिला त्या सतरा नंबरमध्येच पुरेन."

तेव्हा ओतुवाने खांद्यावरचं बाजूला केलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. नऊ वर्षांची असताना ती मासळीची परात घेऊन होडीच्या फळीवरून पडली, हाड मोडलं, आणि हाडवैद्याने बसवलं ते तसंच खाली बसलं. ज्यांना माहीत होतं ती माणसं मातीत गेली. त्या वयात गल्लीतली पोरं तिला "कललेली होडी" म्हणायची. ती कायम डाव्या खांद्यावर फडकं टाकून भिंतीकडेने चालायची. सोळाव्या वर्षी आँटी अराबाने तिला पहिला काबा शिवून दिला. डाव्या खांद्याची शिवण वर घेतलेली, आत चिंध्यांची चपटी गादी, अस्तराने झाकलेली. तो घालून ओतुवा आरशापुढे उभी राहिली आणि रडली, आणि त्यानंतर भिंतीकडेने कधीच चालली नाही. नवऱ्यालासुद्धा लग्नानंतरच कळलं. तो बिचारा चांगला, वीस वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ झालं नाही. म्हणजे पंचेचाळीस वर्षं ते गुपित या दोघींचं, आणि आता माझं.

"सगळं गाव रांगेने बघायला येणार," ओतुवा म्हणाली. "मी पडलेली असणार. सावरायला हात नसणार मला. खांदा सरळ दिसला पाहिजे, अराबा. बाकी मला काही नको. लेस नको, हातमोजे नकोत. हाच निळा, साधा, माझा."

"खिसा?"

"खिसा घाल. तिकडे काय लागतं कुणास ठाऊक."

माप घ्यायचं तर आँटी अराबाने तिला चटईवर आडवं व्हायला लावलं. उभ्या माणसाचं माप आडव्याला चालत नाही म्हणे. पोट पसरतं, खांदा मागे जातो. ओतुवा हुश्श करत आडवी झाली, हात अंगाला लावून, डोळे मिटून. मी टाचण्यांची डबी धरून. आँटी अराबा गुडघ्यांवर, गळ्यात टेप, तोंडात खडू.

"हलू नकोस."

"माशी बसलीय नाकावर."

"त्या दिवशीही बसेल. हाकलणार आहेस?"

ओतुवाला हसू फुटलं. पोट हललं, टेप सरकली. आँटी अराबा चिडली. "हसू नको! माप बिघडतंय. त्या दिवशी हसणार आहेस का?"

"तुझं तोंड असं वरून दिसलं तर हसेनच."

मग तिघीही हसलो, मी तर डोळे पुसेपर्यंत. हसून झाल्यावर ओतुवा आढ्याकडे बघत म्हणाली, "अराबा, या वेळी श्वासाची जागा सोडू नकोस हं. छान घट्ट बसू दे."

आँटी अराबाने छातीचं माप पुन्हा घेतलं.

झगा व्हायला तीन आठवडे लागले. पुढून बघाल तर पायघोळ, साधा, गळ्याशी चार बटणं. पाठ मात्र पूर्ण उघडी, गळ्यापासून घोट्यापर्यंत, आणि कडेला त्याच कापडाचे अकरा बंद. हात वर करायला नकोत, कात्री नको. पुढून पांघरायचा, कुशीवर वळवायचं, बंद बांधायचे. मी आयुष्यात एवढी शहाणी शिवण पाहिली नाही. डावा खांदा वर, आत गादी, आणि ती या वेळी मऊ कापसाची. आतून छाती मोजून बघितली तर दोन बोटं जास्त होती.

"आँटी, ही जागा सोडलीस की."

"सुटली," ती म्हणाली. "हाताला सवय आहे."

इथे आमची चूक झाली. कुणा एकीची नाही, तिघींची. आमच्यात माणसाची शेवटची इच्छा कुळाच्या मोठ्यांसमोर, साक्षीदारांपुढे बोललेली असावी लागते. बोलली नाही तर ती इच्छाच नाही. आँटी अराबा सारखी मागे लागली होती, नाना कोबिनाकडे जा, दोन माणसं बोलाव, सांगून टाक. नाना कोबिना म्हणजे ओतुवाच्या आईकडच्या कुळाचे प्रमुख. ओतुवा म्हणायची, ईस्टरला सगळे गावी येतात, तेव्हा एकदमच सांगते, आत्ता सांगितलं तर आत्ताच रडायला लागतील. आणि झगा तिने घरी नेला. "माझा आहे, माझ्या पेटीत राहू दे." आँटी अराबाने तो टॉवेलात गुंडाळून दिला. मी रस्त्यापर्यंत पोचवला.

ईस्टरला तीन आठवडे असताना, बुधवारी सकाळी, मासळी उलटता उलटता ओतुवा चुलीशेजारी बसली ती उठली नाही. आँटी अराबा धावत पोचली तोवर कुळाच्या माणसांनी खोलीला कुलूप लावलं होतं. तेही रीतीप्रमाणेच. माणूस गेलं की खोली बंद, किल्ली प्रमुखाकडे, आणि मयत पार पडून वाटणी होईपर्यंत आतल्या पेटीला कुणी हात लावायचा नाही. झगा आत. आँटी अराबा बाहेर. ती त्या दाराच्या कुलपाकडे बघत उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही दार फोडणार. पण ती घरी आली आणि मशीनवर आच्छादन टाकून बसली.

आठव्या दिवशी कूळ बसतं, मयतीची तारीख ठरवायला; तोवर देह इस्पितळाच्या शीतघरात असतो. आम्ही दोघी मोठ्यांपुढे ठेवायला श्नॅप्सची, म्हणजे दारूची, बाटली घेऊन गेलो. मोठ्यांपुढे स्वतः तोंड उघडत नाहीत, दुसऱ्याच्या तोंडून बोलतात, म्हणून आँटी अराबाचं तोंड म्हणून मी. शाळेत चाळीस पोरांना गप्प करणारी मी, तिथे मी दोनदा वाक्य चुकले. नाना कोबिना खुर्चीत मध्यभागी. सगळी हयात ताकोराडीला रेल्वेत काढलेला सभ्य माणूस. बाजूला जॉर्जिना, ओतुवाच्या बहिणीची मुलगी, तेमाहून आलेली. डोळे रडून सुजलेले आणि हातात फोन.

मी सांगितलं, ओतुवाने झगा शिवून घेतलाय, पेटीत आहे, तोच घालावा अशी तिची इच्छा होती.

"कुणासमोर बोलली?" नानांनी विचारलं.

"आँटी अराबासमोर. आणि माझ्यासमोर."

"कुळातलं कोण होतं?"

"कुणी नाही, नाना."

नानांनी मान हलवली. कडक नव्हते ते, उलट फार मऊ आवाजात बोलले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "टीचर, अराबाची आणि आमच्या मुलीची मैत्री गावाला माहीत आहे. बसा, पाणी घ्या. पण मैत्रीण कुळात येत नाही. आणि खोली मयतीआधी उघडत नाही. उद्या कुणी म्हटलं पेटीतून सोन्याचे डूल गेले, तर मी काय सांगू?"

आँटी अराबाने माझ्या कानात सांगितलं. मी मोठ्याने म्हटलं, "आँटी म्हणते, पेटी उघडू नका. ती दुसरा शिवेल. तसंच कापड आणेल. चार दिवसांत."

तेव्हा जॉर्जिना बोलली. "आँटी, मी लेस सांगून ठेवलीय. पांढरी, मण्यांची. बोटीसारखा रुंद गळा, वरून ओढणी, हातमोजे. माझ्या मावशीने आयुष्यभर धूर खाल्ला. एक दिवस, एकच दिवस ती राणीसारखी दिसू दे ना. निळ्या सुती कापडात झोपवली तर लोक काय म्हणतील? जॉर्जिना तेमाला एवढी कमावते आणि मावशीला स्वयंपाकघरातल्या झग्यात घालवली?"

पोरीचं प्रेम खोटं नव्हतं. पण रुंद गळा म्हटल्याबरोबर आँटी अराबाचा हात माझ्या गुडघ्यावर आवळला. माझ्याही डोळ्यांपुढे ते आलं. रुंद गळा त्या खांद्यावर राहणारच नाही.

एक वाक्य पुरलं असतं. नाना, तिचा डावा खांदा खाली होता, तिला दुकानातला झगा बसत नाही. एवढं म्हटलं असतं तर कदाचित, कदाचित ऐकलं असतं. मी तोंड उघडलं. "नाना, त्याचं असं आहे, की ओतुवाचा…"

आँटी अराबाने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पुढे दोन आठवडे वळ होता.

"ओतुवाचा काय?" नाना म्हणाले.

"काही नाही, नाना. ओतुवाचा आम्हाला फार लळा होता."

परतताना मी वाटेत तिच्यावर ओरडले. म्हटलं, सांगायचं होतं! ती गेलीय, तिला आता काय लाज? आँटी अराबा थांबली. "तिला खांदा सरळ कशासाठी हवा होता? कुणाला कळू नये म्हणून. मग भर बैठकीत मीच सांगू? बारा माणसांपुढे?" ती चालायला लागली. "सांगितलं तरी ती हरली, नाही सांगितलं तरी हरली. मला काही सुचत नाही गं." एवढ्या वर्षांत ती असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मयत मे महिन्यात झाली. शनिवारी उजाडताच रांग लागली. पितळी पलंग, चहूकडे झालरी, आणि मध्ये ओतुवा. चेहऱ्याला पावडर, डोक्याला केसांचा टोप, कोपरापर्यंत हातमोजे. मासळी उलटून उलटून काळे पडलेले तिचे ते हात, त्यांनाही झाकून टाकलं होतं. आणि लेस डाव्या बाजूला घसरलेली. हाड दिसत होतं. एवढ्या फुलांत, एवढ्या मण्यांत, माझी नजर दुसरीकडे जाईना.

आमच्या पुढच्या बाया कुजबुजल्या, "बाई कलल्यासारखी वाटते. उशी नीट लावली नाही." जॉर्जिनाने ऐकलं. तिने सजवणाऱ्या बाईला हळूच झापलं. त्या बाईने खांद्याखाली कापूस कोंबला, तसा झगा आणखीच घसरला.

आँटी अराबा माझ्यापुढे होती. पलंगापाशी आल्यावर तिने मुठीतून सेफ्टी पिन काढली. घरून आणलेली. तिने फक्त हात पुढे केला, लेसची कड दोन बोटांत धरली.

"आँटी, हात लावू नका," सजवणारी बाई म्हणाली. "रांग पुढे जाऊ द्या."

"एक पिन. एकच."

"कुळाचं माणूस आहात?"

आँटी अराबाने कड सोडली. मागून रांग ढकलत होती. आम्ही पुढे गेलो, पलंगाला वळसा घातला आणि उन्हात आलो. बाहेर तांबड्या-काळ्या कपड्यांत सगळं गाव खुर्च्यांवर. एरवी ती एकेकीचा घेर आणि गळा बघून माझ्या कानाशी लागली असती. ती जमिनीकडे बघत होती. मला तिचा हात धरायचा होता, पण मुठीत अजून ती पिन उघडीच होती.

त्यानंतर तिचं दार रविवारी बंद असायचं. मी मुद्दाम भलत्या बाह्या घालून समोरून जायचे. कुणी हटकायचं नाही.

जूनच्या शेवटी जॉर्जिना आली. चाळीस दिवस झाले होते, वाटणी झाली होती. तिच्या हातात तोच टॉवेल. मी आत केंकी, मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, पानांतून सोडत होते, मासा तळून ठेवला होता. आँटी अराबा हल्ली मी बसवलं तरच जेवायची.

"आँटी," जॉर्जिना दारातच गुडघ्यात किंचित वाकली, "हाच ना तो, तुम्ही म्हणाला होतात तो? मी बाकी काही घेतलं नाही. डूल नको, कापडं नको म्हटलं. मला हाच द्या, एवढंच मागितलं. मावशीने शेवटचा शिवून घेतलेला." तिने टॉवेल पुढे केला. "त्या दिवशी मी नाही म्हटलं तुम्हाला. लोकांच्या तोंडाला घाबरले हो. आता मला वाटतं, तो घालायला हवा होता. आता मी घालीन. तेमाला चर्चला जाताना."

आँटी अराबाने टॉवेल सोडून झगा मांडीवर घेतला.

"फक्त पाठ तेवढी बंद करून द्या. बंद काढून टाका. लोकांना वाटेल शिवायचं राहिलंय."

मला वाटलं, आता ही हाकलून देईल. तिने मशीनवरचं आच्छादन काढलं. तीन महिन्यांची धूळ उडाली. "उभी राहा," ती म्हणाली. "सरळ."

अकरा बंद तिने ब्लेडने एकेक करून काढले. मी टाचण्यांची डबी धरली. पाठीला कच्चा दोरा घातला, जॉर्जिनाने झगा चढवला आणि ती वळली. रंग तिला शोभत होता, खोटं कशाला बोलू? उंची आणि अंगलट तर मावशीचीच.

"छातीत थोडा सैल आहे, आँटी. दोन बोटं. घेऊ या का आत?"

"तेवढं राहू दे."

"घट्ट छान दिसेल."

"राहू दे म्हटलं ना. तुला श्वास घ्यायचाय."

जॉर्जिनाने आरशात बघत डाव्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हा इथे वर आलाय बघा. फुगल्यासारखा. आत काहीतरी गोळा पण आहे. उजवा बरोबर आहे." ती आँटी अराबाकडे वळली. अगदी निरागसपणे. "कापताना चुकला का?"

मी आँटी अराबाकडे पाहिलं. बोल, मनात म्हटलं, आता तरी बोल, ही तिचीच आहे, तिला कळू दे. नाहीतर म्हण माप चुकत नाही, माणूस हलतं. काहीतरी म्हण.

आँटी अराबाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि माझ्या डबीत टाकल्या.

"चुकला," ती म्हणाली. "माझ्याच हातून. वय झालं आता."

तिने जॉर्जिनाला वाकायला सांगितलं, खांद्याची शिवण उसवली, आतली कापसाची गादी बाहेर काढली आणि स्वतःच्या खिशात ठेवली. मग खांदा दोन बोटं खाली घेतला आणि टीप मारली. मशीनचं चाक तिने सावकाश फिरवलं, टीप सरळ आली.

जॉर्जिना झगा घालूनच निघाली. आम्ही दारात उभ्या राहिलो. ती गल्लीतून चालत गेली. भिंतीकडेने नाही, मधोमध.

"कसा दिसतो?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी तिने कुणाच्या कपड्याकडे बघितलं होतं.

"छान," आँटी अराबा म्हणाली. हात खिशातच होता. "दोन्ही खांदे सारखे आहेत."